कोरी प्रश्नपत्रिका, पूर्ण गुण

अध्यापक विद्यालयाच्या दुसऱ्या मजल्यावर, जिना संपताच डाव्या हाताला जी लांबट खोली होती, तिला कागदोपत्री 'साधनकक्ष' म्हणत आणि बोलण्यात 'सरांचा संसार'. भिंतीला लागून सहा कपाटे होती. प्रत्येक कपाटाच्या दारावर आतल्या वस्तूंची यादी डकवलेली असे, आणि यादीच्या तळाशी ती शेवटची कधी पडताळली त्याची तारीख. जुना प्रोजेक्टर, तक्त्यांच्या गुंडाळ्या, कॅसेटचे खोके, ज्यांचे सुटे भाग आता कुठेच मिळत नाहीत अशी तीन यंत्रे, यांतले काहीही मागितले तरी सर न पाहता हात घालत आणि काढून देत. विद्यार्थी त्यांना पाठीमागे 'अनुक्रमणिका' म्हणत. सरांना ते ठाऊक होते आणि फारसे खुपतही नसे. अनुक्रमणिका नसलेले पुस्तक त्यांनी आयुष्यात कधी विकत घेतले नव्हते.

एकतीस वर्षे ते एकच विषय शिकवीत आले होते: शैक्षणिक तंत्रविज्ञान. शिक्षक होऊ पाहणाऱ्या चाळीस जणांचा वर्ग दरवर्षी नवा येई आणि पहिल्याच तासाला यंत्रे पाहायला मिळणार म्हणून मान उंचावून बसे. सर त्या तासाला एकही यंत्र दाखवीत नसत.

"यंत्राचं नंतर बघू," ते म्हणत. "आधी तीन प्रश्न. माणूस शिकतो कसा? एकाचं सांगणं दुसऱ्यापर्यंत पोचतं कसं? आणि या सगळ्याची जुळणी कशी करायची, म्हणजे एका ठिकाणी बिघडलं तर दुसऱ्या ठिकाणी कळेल? पहिलं अध्ययन, दुसरं संप्रेषण, तिसरी प्रणाली. याची उत्तरं ज्याच्यापाशी आहेत त्याला खडूचा तुकडा पुरतो. ज्याच्यापाशी नाहीत, त्याच्या हातात सोन्याचं यंत्र दिलं तरी ते धूळ खातं."

मग ते दोन खुर्च्या पाठीला पाठ लावून मांडीत. एका विद्यार्थ्याच्या हाती चौकोन, त्रिकोण आणि वर्तुळे यांची एक आकृती देत. त्याने ती तोंडी सांगायची, आणि पाठमोऱ्या दुसऱ्याने एकही प्रश्न न विचारता काढायची. जे काढले जाई ते पाहून वर्ग पोट धरून हसे. पुन्हा तोच खेळ, पण या खेपेला काढणाऱ्याला विचारायची मुभा. आकृती बरीचशी जमून येई. "पहिल्या वेळी काय नव्हतं?" सर विचारीत, आणि फळ्यावर एकच शब्द लिहीत: प्रत्याभरण. ऐकणाऱ्याकडून सांगणाऱ्याकडे परत येणारी खबर. ती खबर आली नाही, तर सांगणारा भिंतीशी बोलतो आणि त्याला ते कळतही नाही.

निवृत्तीला दीड वर्ष उरले असताना संस्थेने विद्यालयासाठी एक संगणकीय प्रणाली घेतली. धडे पडद्यावर, चाचण्या पडद्यावर, गुण पडद्यावर. विद्यार्थ्याने घरी बसून मोबाइलवर शिकावे. इतर प्राध्यापकांनी नाके मुरडली. सर मात्र मनातून हरखले. जे आपण तीन दशके फळ्यावर लिहीत आलो, ते आता प्रत्यक्षात उतरणार, असे त्यांना वाटले. आपल्या विषयाचे बारा धडे आणि बारा चाचण्या तयार करण्याचे काम त्यांनी मागून घेतले.

धडे त्यांनी शास्त्राप्रमाणे केले. मजकुराचे लहान लहान टप्पे, प्रत्येक टप्प्याला प्रश्न, उत्तर बरोबर आले की लगेच हिरवी खूण. दर चाचणीत वीस प्रश्न, दर प्रश्नाला चार पर्याय. आजवर त्यांच्या परीक्षा निबंधवजा उत्तरांच्या असत. पर्यायांचे प्रश्न काढण्याची ही पहिलीच वेळ. बरोबर उत्तर कोणत्या जागी ठेवावे, हा प्रश्न त्यांनी एक संपूर्ण संध्याकाळ घोळवला. अंदाजाने ठेवावे, तर कुठल्या अक्षराच्या वाट्याला सात यायची, कुठल्याच्या तीन. हा अन्याय त्यांना पटेना. शेवटी त्यांनी वहीत आखणी केली: पहिल्याचे उत्तर अ, दुसऱ्याचे ब, तिसऱ्याचे क, चौथ्याचे ड, आणि पुन्हा अ. वीस प्रश्नांत प्रत्येक अक्षराला बरोबर पाच. आखणी पाहून त्यांना फार समाधान वाटले.

पुढच्या वर्षी नवा वर्ग आला, प्रणाली सुरू झाली. पहिल्या दोन चाचण्यांचे गुण बेताचे होते. तिसरीपासून ते चढू लागले, आणि पाचवीपासून जवळजवळ सगळा वर्ग वीसपैकी वीसवर जाऊन बसला. संस्थेच्या माहितीपत्रकात 'शंभर टक्के अध्ययन' असा मथळा झळकला. प्राचार्या बाईंनी सरांचे सर्वांसमक्ष अभिनंदन केले. त्या कधीकाळी याच वर्गात सरांच्या विद्यार्थिनी होत्या, पाठमोऱ्या खुर्चीवर बसून त्यांनी वर्तुळाऐवजी बटाटा काढला होता. सरांनी त्या दिवशी घरी जाताना दुकानातून नवी वही घेतली आणि तिच्यावर 'निवृत्तीनंतरचे लेखन' असे लिहिले.

मग यादी आली. प्रणाली दर सत्राअखेर तळाचे पाच टक्के विद्यार्थी आपोआप वेगळे काढी. त्यांच्या नावापुढे 'संथ' असा शेरा पडे, त्यांना शेवटचे सराव पाठ घेता येत नसत, आणि सराव पाठ नाहीत म्हणजे पदविका नाही; वर्ष पुन्हा करायचे. चाळिसांचे पाच टक्के म्हणजे दोघे. पहिला मुलगा दुसऱ्याच महिन्यात शिक्षण सोडून गेलेला होता. दुसरे नाव वाचून सरांनी चष्मा पुसला आणि पुन्हा वाचले.

ते नाव ताईंचे होते. वर्गात सगळी विशी-बाविशीची मुले. ही एकटी छत्तीस वर्षांची, दोन मुलांची आई, बारा वर्षे घर सांभाळून मग शिकायला आलेली. नवऱ्याने एक वर्षाची सवड दिली होती, दोन वर्षांची नव्हे. सगळे तिला ताई म्हणत. पाठमोऱ्या खुर्च्यांच्या खेळात प्रश्न विचारायची बंदी असतानाही जिची आकृती थोडीफार जमली, अशी एकतीस वर्षांत ती तिसरी.

सरांनी तिला साधनकक्षात बोलावले. ते सगळ्याच विद्यार्थ्यांना अहोजाहो करीत.

"तुम्हाला प्रत्येक चाचणीत बारा-तेरा गुण. का बरं? वेळ मिळत नाही का?"

"वेळ काढते ना सर. मुलं शाळेत गेली की बसते. तास लागतो एका चाचणीला."

"तास? वीस प्रश्नांना?"

"तुमचे प्रश्न सोपे असतात होय? एकेका प्रश्नाला दोन-दोन उत्तरं बरोबर वाटतात. मग पुन्हा धडा काढून बघते."

"बाकीच्यांना किती वेळ लागतो?"

ताईने पिशवी खांद्याला लावली. मग म्हणाली, "ते त्यांनाच विचारा सर. मी चुगल्या करायला आले नाही."

सरांनी मुलांना विचारले नाही. त्यांनी प्रणालीतला वेळेचा रकाना उघडला. अडतीस जणांचा चाचणीचा वेळ: दीड मिनिट, दोन मिनिटे, एक मिनिट दहा सेकंद. तेवढ्या वेळात वीस प्रश्न वाचूनही होत नाहीत. सरांना वाटले, उत्तरपत्रिका फुटली. त्या संध्याकाळी ते घरी उत्तरसूची घेऊन बसले आणि मूळ वहीशी ताडून पाहू लागले. बायको शेजारी उशीच्या खोळीला बटणे लावीत होती. तिने चोवीस वर्षे टेलिफोन एक्स्चेंजमध्ये तारा जोडल्या होत्या, आणि कानावर पडलेला आवाज न ऐकण्याची कला तिला कधी साधली नव्हती.

"अ, ब, क, ड. अ, ब, क, ड," सर पुटपुटत होते.

"अहो, हे काय? कवायत चाललीय का?"

"उत्तरं तपासतोय."

"उत्तरं अशी असतात? मला तर प्रश्न न ऐकताच पाचवं सांगता येईल. अ. सहावं ब. बघा बरोबर आहे का."

सरांनी वहीची पुढची पाने उलटून पाहिली. बायकोने दोरा दाताने तोडला.

"बाराही चाचण्यांना हेच?"

"समान वाटणी हवी म्हणून..."

"कुणाला समान? अक्षरांना?" ती हसू लागली, पण त्यांच्या तोंडाकडे पाहून थांबली. "पोरांनी ओळखलं असणार हो. पोरं काय आंधळी आहेत?"

सर त्या रात्री उशिरापर्यंत वही घेऊन बसले. ज्या वर्तनाला बक्षीस मिळते ते वर्तन पक्के होते, हे त्यांनीच शिकवले होते. मुलांनी तेच शिकले होते. हिरवी खूण धडा वाचून मिळते तशीच न वाचता मिळते, हे कळल्यावर वाचतो कोण? आणि त्या अडतीस जणांच्या वीसपैकी वीस गुणांमुळे तळाला ढकलली गेली ती एकटी, जी प्रत्येक प्रश्न वाचीत होती.

पण नुसता संशय घेऊन प्राचार्यांकडे जाणे त्यांच्या स्वभावात नव्हते. त्यांना पुरावा हवा होता. त्यांनी तेरावी चाचणी तयार केली. वीस क्रमांक, वीस रिकाम्या ओळी, आणि प्रत्येक ओळीखाली चार रिकामे पर्याय. एकही शब्द नाही. उत्तरे मात्र नेहमीच्या क्रमाने. सोमवारी सकाळी त्यांनी ती सोडली.

दुपारपर्यंत अडतीस जणांनी ती दिली. अडतीस जणांना वीसपैकी वीस. प्रणालीने प्रत्येकाला टाळ्यांचे चित्र पाठवले.

चार वाजता ताई जिना चढून दारात उभी राहिली. "सर, चाचणी कोरी आहे. प्रश्नच दिसत नाहीत. मोबाइल बिघडला म्हणून शेजारणीच्या मोबाइलवर पाहिलं, तिथंही तेच. वेळ संपला आणि मला शून्य मिळालं." तिने मोबाइल पुढे केला. पडद्यावर लिहिले होते: 'अधिक प्रयत्न करा. धडा पुन्हा वाचा.'

सरांनी तिला तेव्हाच सगळे सांगायला हवे होते. ते एवढेच म्हणाले, "बघतो मी. काळजी करू नका." स्वतःची चूक आधी योग्य ठिकाणी, योग्य क्रमाने, लेखी नोंदवावी, मग विद्यार्थ्यांना सांगावे, असे त्यांना वाटले. त्या योग्य क्रमाने तीन आठवडे खाल्ले.

प्रथम त्यांनी प्रणालीच्या मदत केंद्राला फोन केला. ध्वनिमुद्रित बाई म्हणाली, गुणांसाठी एक दाबा. त्यांनी एक दाबले. गुण कमी वाटत असल्यास दोन दाबा. गुण जास्त वाटत असल्यास काय दाबावे, याची सोय नव्हती. त्यांनी लेखी तक्रार धाडली. उत्तर आले, 'आपला अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे.' त्यांनी त्या उत्तराला उत्तर धाडले. पुन्हा तेच मोल. चौथ्या खेपेला बायकोने मान हलवली. "आम्ही जोडणी देण्याआधी पलीकडे कुणी आहे का, ते विचारायचो. तुम्ही सरळ बोलतच सुटलात."

"पलीकडे कुणी नाहीच आहे!" सर ओरडले. त्यांच्या घरात कुणी ओरडल्याचे शेजाऱ्यांना आठवत नव्हते.

प्राचार्या बाईंना त्यांनी अर्ज दिला. बाई तपासणीच्या गडबडीत होत्या. अर्ज मंगळवारवर गेला, मंगळवारचा पुढच्या मंगळवारवर. अखेर बैठक भरली तेव्हा सराव पाठ सुरू व्हायला चार दिवस उरले होते. प्राचार्या, संस्थेचे कार्यवाह आणि प्रणालीच्या कंपनीचा तरुण प्रतिनिधी, एवढेच होते. सरांनी तिघांसाठी कागदांच्या तीन प्रती क्रमांक घालून आणल्या होत्या. कोरी चाचणी, अडतीस जणांचे गुण, वेळेचा तक्ता, आणि शेवटी स्वतःच्या सहीचा कबुलीजबाब.

कार्यवाहांनी कबुलीजबाब वाचला आणि उलटा ठेवला. "सर, तुम्हाला निवृत्तीला किती महिने?"

"चार."

"मग कशाला हे उकरताय? वर्ग पास, तुम्ही मोकळे, आम्ही मोकळे. एक बाई राहिली, पुढच्या वर्षी करील."

"ती नापास झालेली नाही. ती एकटीच परीक्षेला बसलेली आहे. बाकीचे अडतीस बसलेच नाहीत."

"गुण तर आहेत ना त्यांना!"

"कोऱ्या कागदाला आहेत, साहेब. कोऱ्या कागदाला!" सरांचा आवाज चढला. "ज्या जुळणीत कोरा कागद शिरतो आणि शंभर टक्के बाहेर पडतात, ती जुळणी बिघडलेली आहे. आणि बिघाड मी केलाय. सही केलीय मी त्याच्यावर."

कंपनीचा प्रतिनिधी इतका वेळ कागद न्याहाळत होता. तो अदबीने म्हणाला, "सर, त्यात 'पर्याय मिसळा' असं बटण आहे. पहिल्या दिवसापासून. ते दाबलं असतं तर प्रत्येकाला वेगळा क्रम आला असता."

"पाहिलं होतं मी ते."

"मग दाबलं का नाहीत?"

"मला मिसळलेलं आवडत नाही," ते म्हणाले.

कुणी हसले नाही. प्राचार्या बाईंनी विचारले, "यादीतून तिचं नाव काढता येईल?"

"सत्र बंद झालंय मॅडम. आता यादी उघडत नाही. आमच्याही हातात नाही ते."

"मग कुणाच्या हातात आहे?"

प्रतिनिधीला ते माहीत नव्हते. कार्यवाह घड्याळाकडे पाहू लागले. सरांनी पुन्हा सगळे पहिल्यापासून मांडले, सर्वांच्या चाचण्या रद्द करून कागदावर नव्याने घ्याव्यात असा आग्रह धरला, आणि प्रत्येक वाक्यागणिक त्यांना जाणवत गेले की आपण पुन्हा पाठमोऱ्या खुर्चीशी बोलत आहोत. कार्यवाहांनी साफ नकार दिला. माहितीपत्रक छापून वाटले गेले होते. अडतीस जणांचे वीस ते वीसच राहणार होते.

शेवटी प्राचार्या बाईंनी सराव पाठांचा कागदी तक्ता ओढला, पेनाचे टोपण काढले आणि तळाशी, अडतिसाव्या ओळीच्या खाली, ताईंचे नाव हाताने लिहिले. पुढे सही केली. "सराव पाठ माणसं बघतात," त्या कार्यवाहांना म्हणाल्या. "त्याचे गुण मी हातानं भरीन. पदविकेला तेवढे पुरतात. प्रणालीला जे म्हणायचं ते म्हणू दे. सर, याहून जास्त माझ्याच्यानं होणार नाही."

सर उठले. एकीचे वर्ष वाचले होते आणि अडतीस जण काहीही न शिकता शिक्षक होणार होते. आभार मानावेत की निषेध नोंदवावा, हे न उमजून त्यांनी दोन्ही केले, आणि त्यामुळे कुणालाच काही कळले नाही.

ताई साधनकक्षाबाहेर बाकावर बसली होती. सरांनी तिला आत बोलावून सगळे सांगितले. क्रमवार, काही न वगळता. स्वतःची आखणी, कोरी चाचणी, बैठक, हाताने लिहिलेले नाव. ती आनंदेल, निदान सुटकेचा श्वास तरी सोडील, असे त्यांना वाटले होते.

"म्हणजे त्या सोमवारी मी आले, तेव्हा तुम्हाला माहीत होतं?"

"होतं. पण रीतसर..."

"तीन आठवडे, सर. तीन आठवडे मी घरी सांगतेय की मी मठ्ठ आहे. धाकटा विचारतो, आई, संथ म्हणजे काय? एका शब्दानं सांगितलं असतंत तर चाललं नसतं?"

एकतीस वर्षांत त्यांनी दिरंगाईबद्दल कुणाकुणाला सुनावले होते, ते सगळे सरांना आठवले.

"माझी चूक झाली," ते म्हणाले.

"आणि मी जे लिहून पाठवत होते, त्याचं तरी उत्तर द्यायचंत."

"काय पाठवत होता?"

"धड्याखाली चौकट असते ना, अभिप्राय लिहा म्हणून? प्रत्येक धड्याला लिहिलंय मी. कुठं समजलं नाही, कुठला प्रश्न चुकलाय. मला वाटायचं तुम्ही वाचताय."

सर हळूच खुर्चीत बसले. ती चौकट कंपनीकडे जात होती. ती आपल्याकडे येते की नाही, हे त्यांनी कधी विचारलेच नव्हते. वर्षभर त्यांनी धडे सोडले आणि परत एकही खबर आली नाही, याचा अर्थ त्यांनी सरळ लावला होता: सगळे उत्तम चालले आहे.

"माझ्यापर्यंत एकही आलं नाही."

ताईने त्यांच्याकडे पाहिले. तिच्या मनात टोमणा आला असावा, कारण तिचे ओठ हलले. पण तिने तो गिळला. पिशवीतून एक शाळकरी वही काढून तिने टेबलावर ठेवली. "पाठवायच्या आधी इथं लिहीत होते. बाराही आहेत. आता काय उपयोग, पण घ्या."

सरांनी पहिले पान उघडले. 'धडा एक. सर, तुम्ही म्हणता टप्पे लहान असावेत. पण तिसऱ्या टप्प्यात तुम्ही एकदम दोन नव्या संज्ञा आणल्यात आणि पहिलीची व्याख्या पाचव्या टप्प्यात दिलीत.' त्यांनी आपली मूळ वही काढून पाहिली. खरेच होते. ते पान त्यांनी चार वेळा तपासले होते.

दुसरे पान. तेही बरोबर. तिसऱ्यावर मात्र ते थबकले. "हे मला मान्य नाही."

"का नाही?"

"चौथ्या प्रश्नाला एकच उत्तर बरोबर आहे."

"दोन आहेत सर. ब सुद्धा बरोबर आहे. विद्यार्थ्यानं काही विचारलं नाही म्हणजे त्याला समजलं, हाच ब पर्याय, आणि तुम्हीच धड्यात तसं धरून चाललाय. मग ब चूक कसं?"

"मी असं कुठंही लिहिलेलं नाही."

"पान नऊ. खालून दुसरी ओळ."

सरांनी पान नऊ काढले, खालून दुसरी ओळ वाचली, आणि पुन्हा वाचली. खाली शिपायाने शेवटची घंटा दिली. जिन्यावर पावले वाजू लागली, अडतीस जणांचा गलका दारावरून घरी निघाला. सरांनी लाल पेन घेऊन त्या ओळीखाली रेघ मारली, दुसरी खुर्ची ओढून आपल्या समोर मांडली आणि ताईला बसायची खूण केली.

"बरं, ही ओळ चुकली," ते कुरकुरत म्हणाले. "पण पुढची नाही. सांगा, काय म्हणणं आहे तुमचं?"